भागाबाईच्या बिळाचा आराखडा

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी अडाणी होते. त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं.

आता लगेच हात वर करू नका. शाळेत जायचं नाही असं मी म्हणालेलो नाही. तुम्ही शाळेत जायचंच आहे. या गोष्टीतल्या प्राण्यांना शाळा नव्हती, एवढंच मी सांगतोय.

तर या जंगलात एक पद्धत होती. तिला ते सावड म्हणत. पावसाळा संपला की कुणाचं बीळ ढासळलेलं असायचं, कुणाच्या गुहेच्या तोंडाशी दरड आलेली असायची, कुणाची पाणवठ्यावर जायची वाट वाहून गेलेली असायची. मग सगळे मिळून एकेकाचं काम उरकायचे. आज अस्वलाकडे, उद्या रानडुकरांकडे, परवा खवल्या मांजराकडे. ज्याची पाळी असेल त्याने सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं. कुणी किती खणलं आणि कोण नुसतंच सावलीत उभं राहिलं, हे कुणी मोजत नसे. उभे राहणारे सगळ्यांना माहीत होते. त्यांची पाळी आली की बाकीचेही थोडा वेळ सावलीत उभे राहत.

त्या वर्षी शेवटची पाळी भागाबाईची होती. भागाबाई म्हणजे साळिंदर. अंगावर हातभर काटे, पण बोलणं असं मऊ की समोरच्याने पायावर पाय दिला तरी हीच सरकून बसायची. तिचं बीळ टेकडीवरच्या मुरमात होतं. श्रावणातल्या पावसात ते छपरासकट आत बसलं. तेव्हापासून ती आणि तिचा नवरा म्हादू एका पडक्या वारुळाच्या आडोशाला दिवस काढत होते. आणि भागाबाईला पिल्लं होणार होती, थंडी पडायच्या सुमारास.

साळिंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे काटे मऊ असतात. ही गोष्ट कोल्ह्यांना पक्की ठाऊक असते. तेव्हा बीळ हवंच होतं, आणि चांगलं खोल हवं होतं.

मुरूम काही एकट्यादुकट्याने खणला जात नाही. वरचा थर अस्वलानेच फोडावा लागतो, आतला भाग खवल्या मांजराने कोरावा लागतो आणि माती बाहेर लोटायला रानडुकरंच लागतात. पण भागाबाईला काळजी नव्हती. ती सगळ्यांच्या पाळीला गेली होती, पोटुशी असतानाही गेली होती. आता आपल्या पाळीसाठी तिने वारुळाच्या पोकळीत कंद साठवून ठेवले होते. सावडीला येणाऱ्यांना जेवायला घालायचं म्हणून रोज थोडे थोडे उकरून आणलेले, चांगले गोड कंद.

पाळीच्या आदल्या दिवशी करकोचेसर आले.

करकोचेसर उत्तरेकडून, फार लांबून यायचे आणि दर वर्षी थंडीच्या तोंडावर एका नव्या जंगलात उतरायचे. पाय उंच, आवाज खालचा, आणि बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. ते फार चांगले गृहस्थ होते, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्यांना दुष्ट समजाल. या गोष्टीत दुष्ट कुणी नाही. शोधत बसू नका.

सर ओढ्याकाठी उभे राहिले आणि म्हणाले, की जंगलं बाहेरच्या आधारावर जगू लागली की मरतात. जे लागतं ते इथेच पिकवावं, इथेच वाटून खावं, एकमेकांच्या कष्टावर एकमेकांनी उभं राहावं. हे सगळ्यांना इतकं पटलं की धोंडूअण्णा अस्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडूअण्णा जंगलातले वडीलधारे. सर सांगत होते तसंच ते जन्मभर वागत आले होते, पण ते इतकं चांगलं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सुधाकर वानर तर उठून उभाच राहिला. सुधाकर एकदा शहराच्या वेशीपर्यंत जाऊन आला होता, त्यामुळे जंगलातलं नवीन ते सगळं त्याच्या अखत्यारीत येई. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की सरांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या जंगलात 'शाश्वत व समूहाधारित स्थानिक अर्थव्यवस्थेची रचना : पायाभूत अभ्यासक्रम' सुरू होत आहे. एवढं सगळं तो एका दमात म्हणाला म्हणून खारींनी टाळ्या वाजवल्या.

भागाबाईने हळूच विचारलं, की उद्या माझ्याकडे यायचं ठरलं होतं ना.

"अगं भागे, हे तेवढं उरकू दे," धोंडूअण्णा म्हणाले. "सर काय रोज येत न्हाईत. आन शिकून खणलं तर बीळ चार पिढ्या टिकंल."

भागाबाईला ते पटलं. खरं सांगायचं तर तिलाही शिकायचं होतं. तिला आजवर कुणी कधी काही शिकवलं नव्हतं आणि सरांनी तिला "ताई" म्हटलं होतं.

पहिला दिवस ओळखीचा होता. प्रत्येकाने आपलं नाव आणि आपल्याबद्दलची एक गोष्ट सांगायची. हे सगळे जन्मापासून एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे नवीन काय सांगावं हा प्रश्नच पडला. शेवटी घोरपडीने सांगितलं, की मला गाण्याची आवड आहे. शेजाऱ्यांना धक्का बसला. मग तिला गायला लावावं लागलं आणि तो दिवस त्यातच गेला.

पुढे सरांनी समूह म्हणजे काय ते शिकवलं. त्यासाठी गट पाडले. गटांना नावं हवी होती. नावांवरून रानडुकरं आणि वानरं यांच्यात अबोला झाला. तो मिटवण्यासाठी सरांनी समूहात संवाद कसा साधावा हा जादा वर्ग घेतला. मग वाळूत आपापल्या जंगलाचा नकाशा काढायचा होता. घरापासून पाणवठ्यापर्यंत रोज डोळे मिटून जाणारे प्राणी नकाशात मात्र पार हरवले. खवल्या मांजराने ओढा डोंगरावर चढवला. सर म्हणाले, चुकीतूनच शिकायचं असतं, आणि सगळ्यांना फार हलकं वाटलं.

एकदा धोंडूअण्णांनी भाबडेपणाने विचारलं, "सर, उन्हाळ्यात तुमी तिकडं असता, थंडीत इकडं. मग तुमचं स्थानिक म्हंजी कुठलं धरायचं?"

सरांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, प्रश्न चांगला आहे. आणि सुधाकरने लगेच नाश्त्याची सुट्टी जाहीर केली.

हो, नाश्ता सांगायचा राहिलाच. सगळं जंगल वर्गात बसलेलं, तेव्हा कंदमुळं उकरायला जाणार कोण? म्हणून सुधाकरने ओढ्यापलीकडच्या जंगलातून नाश्ता मागवायला सुरुवात केली होती. कावळे आणून द्यायचे. स्वावलंबनावरचा धडा चालू असताना कावळ्यांना यायला उशीर झाला, की विद्यार्थ्यांचं लक्ष लागत नसे.

मग आली गरजनिश्चिती. जंगलात सर्वांत निकडीचं काम कुठलं, ते प्रत्येकाने पळसाचं पान ठेवून दाखवायचं. सगळ्यांनी आपापलं पान उचललं आणि सरळ भागाबाईच्या ढासळलेल्या बिळापुढे नेऊन ठेवलं. ढीग लागला. भागाबाईला भरून आलं. आपल्याला विसरलेलं नाही कुणी, असं तिला वाटलं आणि ते खरंच होतं. तुम्हाला सांगतो, धोंडूअण्णा त्या क्षणी जर नुसते वाकून एक ढेकूळ उचलते, तर बाकीचे सगळे कामाला लागले असते आणि माझी गोष्ट इथेच संपली असती.

पण सर म्हणाले, की ही झाली प्राथमिक माहिती. गरज अजून सिद्ध व्हायची आहे.

मग सुधाकर भागाबाईची मुलाखत घ्यायला वारुळापाशी गेला. "ताई, आपल्याला बीळ हवं आहे, हे तुम्हाला केव्हा जाणवलं?"

"पडलं तवा."

"आणि त्याआधी का नाही जाणवलं?"

"त्याआधी व्हतं की."

सुधाकरला हे उत्तर फार खोल वाटलं. त्याने ते वर्गात तीनतीनदा सांगितलं.

अशा रीतीने भागाबाईचं बीळ हा पथदर्शी प्रकल्प ठरला. म्हणजे काय, ते विचारू नका. मोठी झालात की तुमच्याही गल्लीत एखादा असेल. प्रकल्प म्हटला की समिती आली, समिती म्हटली की अध्यक्ष आले. सर म्हणाले, ज्याची अडचण त्यानेच पुढाकार घ्यावा, हेच आपलं तत्त्व आहे. तेव्हा बीळ समितीच्या अध्यक्षपदी भागाबाईची निवड झाली, आणि तीही एकमताने. तिला तेरड्याच्या फुलांची माळ घातली. काट्यांमुळे ती जरा फाटली, पण तिच्या गळ्यात आजवर कुणी माळ घातली नव्हती. तिने म्हादूकडे बघितलं. म्हादू मान खाली घालून आपल्या नखांकडे बघत होता. गेले काही दिवस तो वर्ग बुडवून एकटाच मुरूम उकरत होता आणि त्याची नखं पार झिजली होती.

माळ घालून झाल्यावर सुधाकर घसा साफ करून म्हणाला, "एक नाजूक मुद्दा आहे. अध्यक्षांनी आपल्याच घरापासून काम सुरू करणं बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील?"

आता बघा हं. म्हणणारे जे काय लोक होते ते सगळे तिथेच बसले होते आणि त्यांना काहीही म्हणायचं नव्हतं. पण लोक काय म्हणतील असं विचारल्यावर जो तो विचार करू लागला, की खरंच, आपण काय म्हणू? आणि विचार करता करता एकेकाला काहीतरी सुचू लागलं.

भागाबाईला ते सहन होईना. "माझं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आधी दुसऱ्या कुणाचं तरी घ्या. माझं मागनं बघू."

सगळ्यांनी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. अडचण एवढीच होती, की दुसऱ्या कुणाचं काम उरलंच नव्हतं. सावडीत सगळ्यांची घरं झाली होती. त्यात भागाबाई स्वतः माती ओढायला होती. आता समिती होती, सर होते, सगळ्यांचे हातपाय धडधाकट होते, आणि खणायला एकच बीळ होतं, जे खणणं बरं दिसत नव्हतं.

मग सर म्हणाले, तोवर आराखडा करू.

आराखडा फार सुंदर झाला. वाळूत काढलेला तो बघायला पलीकडचे कावळेही थांबत. बिळाला दोन दारं होती, हवा खेळायला झरोका होता, समितीला बसायला दालन होतं. वटवाघळांनी लोंबकळायला सामायिक जागा मागितली, तीही दिली. उतारावरच्या मुंग्यांची हरकत आली, म्हणून बीळ वळसा घालून पुढे नेलं. हळूहळू बीळ एवढं मोठं झालं की टेकडी पुरेना. तेव्हा टेकडीचा पर्याय शोधायला उपसमिती नेमली.

एका संध्याकाळी म्हादूचं एकट्याने खणलेलं भगदाड पुन्हा खचलं. मातीने माखलेला म्हादू वारुळापाशी आला आणि बसून राहिला.

"अध्यक्षपद सोडून दे," तो म्हणाला.

"अहो, असं कसं सोडू? एवढ्या मानानं दिलंय."

"पिल्लं मानात ऱ्हातील व्हय?"

भागाबाईला भीती वाटत होती. रात्री कोल्हे वारुळाभोवती फिरून जातात हे तिला माहीत होतं. आणि भीतीपेक्षाही लाज वाटत होती, की आपण काही मागायला गेलो तर आपल्याला गळ्यात माळ घातल्यावर हाव सुटली असं म्हणतील. काटे असून काय उपयोग, मुलांनो. जिथे उभारायचे तिथे तिला उभारताच येत नव्हते.

अभ्यासक्रम संपत आला. सरांनी सुचवलं, की समारोपाच्या आधी स्थानिक खाद्य महोत्सव व्हावा. कल्पना सगळ्यांना आवडली. मग स्थानिक खाद्य कुठे आहे ते शोधू लागले. सगळा मोसम सगळे वर्गात होते. अस्वलाकडे मध नव्हता, रानडुकरांकडे मुळं नव्हती, वानरांकडे वानरंच होती. कावळे आणत ते पलीकडचं होतं, ते स्थानिक धरता येईना. सगळ्या जंगलात इथल्या मातीत उगवलेलं असं एकच काही शिल्लक होतं, ते म्हणजे भागाबाईच्या वारुळातले कंद.

आणि यजमानपण अध्यक्षांकडेच असतं.

भागाबाईने कंद काढून दिले. नाही म्हणणं तिच्या तोंडून निघालंच नाही. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. सर म्हणाले, ही अस्सल स्थानिक चव आहे, ही जपायला हवी. धोंडूअण्णांनी दोनदा वाढून घेतलं. म्हादू वारुळाच्या रिकाम्या पोकळीपाशी उभा होता. सावडीला आलेल्यांना जेवायला घालायला आता घरात काही नव्हतं, आणि जेवायला घालता येत नसेल तर सावडीला बोलवायचं नाही, ही त्या जंगलाची रीत होती. भागाबाईने ती कधी मोडली नसती.

"चल," म्हादू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते दोघं ओढा ओलांडून पलीकडच्या जंगलात गेले. काठावर एक म्हातारं तरस ऊन खात बसलं होतं. तोंड भलतंच राकट, एक कान फाटलेला. त्याने भागाबाईच्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "दिवस कवा भरत्यात?"

भागाबाई सवयीने सांगायला लागली, की तिची गरज प्राथमिक पातळीवर मान्य झालेली आहे.

"ते असू दे," तरस म्हणालं. "कुठं खणायचं ते दाव."

ऊन कलायच्या आत बीळ झालं. काही फार देखणं नव्हतं, तोंड जरा तिरकं होतं. दुसरं दार नव्हतं. खणायला कोण कोण आलं होतं त्यांची नावंही भागाबाईला अजून माहीत नव्हती. जेवायची वेळ झाली तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. ती म्हणाली, माझ्याकडे तुम्हाला घालायला काही नाही. तरसाने अंगावरची माती झटकली आणि म्हणालं, की मग पुढच्या साली घाल, तेव्हा माझ्याही घराची पाळी आहे. त्याच आठवड्यात थंडी पडली आणि भागाबाईला दोन पिल्लं झाली.

इकडे समारोपाला अध्यक्षाच नाहीत म्हणून सुधाकरची धावपळ उडाली. भागाबाई पलीकडे राहायला गेली हे कळल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. धोंडूअण्णांना तर खरोखर वाईट वाटलं. पण सर शांत होते. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आपल्या अध्यक्षा ओढा ओलांडून गेल्या. याचा अर्थ, आपला विचार शेजारच्या जंगलात पोहोचला. याहून मोठं यश कुठलं?"

असा विचार कुणीच केला नव्हता. सगळ्यांना एकदम बरं वाटलं आणि टाळ्या थांबेनात. मग सागाच्या पानावर सरांच्या पावलाचा ठसा असलेलं प्रमाणपत्र प्रत्येकाला मिळालं, आणि उन्हं तापायला लागल्यावर सर उत्तरेला उडून गेले.

पुढचा पावसाळा संपला तेव्हा दरड आली ती धोंडूअण्णांच्या गुहेवर. तोंड पार बुजलं. धोंडूअण्णांनी सगळ्यांना हाक मारली आणि सगळे आले, हे सांगायलाच हवं. एकही मागे राहिला नाही. रानडुकरांनी येताच गट पाडले. वानरांनी पळसाची पानं आणली. खवल्या मांजराने फार आपुलकीने विचारलं, की अण्णा, ही गरज तुमची स्वतःची आहे, की गुहेत राहायची नुसती सवय आहे? दिवस मावळेपर्यंत छान चर्चा झाली आणि शेवटी सगळ्यांनी एकमताने धोंडूअण्णांना गुहा समितीचं अध्यक्षपद दिलं.

माळ गळ्यात पडली तेव्हा धोंडूअण्णांना पहिल्यांदा भागाबाई आठवली.

दुसऱ्या दिवशी ते ओढ्यावर गेले. पलीकडच्या काठावर भागाबाई कंद उकरत होती आणि दोन पिल्लं तिच्यामागे माती उडवत होती. त्यांचे काटे आता चांगले टणक झाले होते.

"भागे," धोंडूअण्णांनी हाक मारली, "ये की परत. तुझ्यावाचून सुनं वाटतंय."

भागाबाई पाण्याच्या कडेला आली. "भेटायला येईन, अण्णा. पर माझी सावड आता हिकडं लागलीया."

धोंडूअण्णांना माफी मागायची होती. पण ती माफी सगळ्यांच्या वतीने मागावी की आपल्या एकट्याच्या, हे त्यांना ठरवता येईना.

मग भागाबाईच म्हणाली, "अण्णा, एक इनंती हाय. यंदा करकोचेसर हिकडं येनार म्हणत्यात. आन तरसबाबाच्या घराचं काम अजून व्हायचंय. त्यांनी माझं बीळ खणलंय, मला तिथं राबायचंय. तेवढं हुईस्तवर सरांना तुमच्याकडंच ठिवून घ्या की."

धोंडूअण्णांना ते लगेच पटलं. त्यांनी मान डोलवली. "ठिवून घेऊ की," ते म्हणाले. "फकस्त मला एकट्याला ठरवता यायचं न्हाई. आधी गटचर्चा घ्यावी लागंल."

भागाबाईने ते ऐकलं, दोन्ही पिल्लांना पुढे घातलं आणि धावत सुटली. तरसाचं घर पलीकडच्या सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी, जेवायच्या आत खणून टाकलं.

तात्पर्य : शेजाऱ्याचं घर पडलं तर लगेच कुदळ घेऊन धावत सुटू नये. आधी शेजारधर्माचा रीतसर अभ्यास करावा. तो पुरा होईपर्यंत शेजारी दुसरीकडे राहायला जातो, आणि मग शिकलेलं करून दाखवायची वेळच येत नाही.